फियाट एक्स १/९ : १२८ चं इंजिन पाठीमागे कसं गेलं, आणि खाऱ्या हवेत ही गाडी तपासायची कशी

इटालियन मिड-इंजिन म्हटलं की लोक थेट फेरारी-लॅम्बोर्गिनीवर जातात. त्या गाड्यांची माहिती ढिगाने मिळते. इथे बोलायचं आहे ते फियाटच्या एक्स १/९ बद्दल. साध्या घरगुती गाडीचं इंजिन पाठीमागे टाकून केलेली ही दोन सीटची गाडी भारतात अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. तरी जुन्या फियाटचं वेड आपल्याकडे मुंबईपासून सावंतवाडीपर्यंत आहेच, आणि बाहेरून गाडी आणायच्या गप्पांत हिचं नाव निघतंच. इंजिनाची फार काळजी करू नका. ही गाडी मरते ती पाण्याने: आतल्याही आणि बाहेरच्याही.

आधी जन्मकथा. १९६९ च्या तुरिन प्रदर्शनात बर्टोने या गाड्यांचे आकार आणि सांगाडे करणाऱ्या इटालियन कंपनीने ऑटोबियांकी रनअबाउट नावाची एक पाचरीसारखी नमुना गाडी मांडली. रेखाटन मार्चेल्लो गांदिनीचं, म्हणजे लॅम्बोर्गिनीची मिउरा ज्याने काढली त्याचंच. फियाट ८५० स्पायडर बंद होणार होती, बर्टोनेच्या ग्रुलियास्को कारखान्याला नवं काम हवं होतं आणि फियाटच्या हातात १२८ ही साधी घरगुती गाडी होती. १२८ मध्ये इंजिन आडवं, गिअरबॉक्स शेजारी आणि ओढ पुढच्या चाकांना. हा आख्खा संच उचलून सीटच्या मागे ठेवला की मागची चाकं ओढणारी मिड-इंजिन गाडी तयार. नोव्हेंबर १९७२ मध्ये ती बाजारात आली. पुढे पॉन्टिअॅक फिएरो आणि टोयोटा एमआर२ यांनी ऐंशीच्या दशकात हाच मार्ग धरला.

खरी हुशारी मांडणीत आहे. पेट्रोलची टाकी आणि स्टेपनी सीटच्या मागे, इंजिनाच्या पुढे, एकमेकांशेजारी. त्यामुळे वजन दोन्ही अॅक्सलच्या मध्ये राहतं आणि डिकी पुढेही मिळते, मागेही. मधलं छप्पर काढून पुढच्या डिकीत आडवं ठेवलं तरी खाली बॅग मावते. चारही चाकांना मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. १९७२ साली या किमतीच्या गाडीत हे सर्रास नव्हतं.

पहिलं इंजिन १२९० सीसी, ऑरेलिओ लाम्प्रेदीच्या रचनेचं, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८६ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) फक्त ५५.५ मिमी. ताकद ७५ पीएस, चार गिअर. स्ट्रोक इतका आखूड असल्यामुळे ते फिरवावं लागतं. खालच्या आरपीएमवर दम नाही. १९७८ च्या अखेरीस १४९८ सीसी आलं, ८६.४ बाय ६३.९, ताकद ८५ पीएस, आणि पाचवा गिअर. हे इंजिन उंचीला जास्त, म्हणून मागचं झाकण उंचावलं. डॅशबोर्डही बदलला आणि बंपर मोठे झाले. दिसायला पहिली गाडी देखणी, यात वाद नाही. पण लांबच्या रस्त्याला पाच गिअरवाली १५०० च घ्यावी. चार गिअरची गाडी ८०-९० च्या पुढे सतत ओरडत राहते. उजव्या हाताचं स्टीअरिंग हवं असेल तर ब्रिटनसाठी बनलेली गाडी बघावी लागेल. ती १९७७ पासूनची. अमेरिकेसाठीच्या गाड्यांवर प्रदूषणाची सामग्री लादल्यामुळे ताकद कमी. ऐंशीच्या सुरुवातीला त्यांना बॉशचं एल-जेट्रॉनिक इंजेक्शन मिळालं. आपल्याकडच्या गॅरेजला वेबर कार्बोरेटर जास्त सोयीचा: १३०० वर ३२ डीएमटीआर, १५०० वर ३४ डीएटीआर.

१९८२ पासून पूर्ण जुळणी बर्टोनेकडे गेली आणि गाडीवर फियाटऐवजी बर्टोनेचा बिल्ला आला. १९८९ मध्ये उत्पादन थांबलं. शेवटची ब्रिटिश आवृत्ती ग्रान फिनाले, मागे स्पॉयलरवाली. लिडो, व्हीएस वगैरे नावं रंग आणि आतल्या सजावटीची. यंत्रात फरक नाही, त्यामुळे नावासाठी जादा पैसे मोजू नका. शर्यतीच्या बाजूला फियाटच्याच अबार्थ या शर्यती विभागाने १९७४ मध्ये १२४ अबार्थचं इंजिन बसवून रॅलीसाठी प्रोटोटाइप केला, छपरामागून उभा हवेचा नळ असलेला. फियाटने मात्र पुढे १३१ अबार्थ निवडली आणि तो प्रकल्प गुंडाळला. दाल्लारा या शर्यतीच्या गाड्या करणाऱ्या कंपनीने रुंद अंगाची सर्किटची गाडी काढली. या गाडीची थोरली बहीण एक्स १/२० या सांकेतिक नावाने घडली आणि १९७५ मध्ये लान्सिया बीटा मॉन्टेकार्लो म्हणून आली. आकार पिनिनफरिनाचा, इंजिन २ लिटर ट्विन-कॅम. ब्रेक सर्व्हो (पायाचा जोर वाढवून देणारी यंत्रणा) फक्त पुढच्या चाकांना होता, त्यामुळे ओल्या रस्त्यावर पुढची चाकं लॉक व्हायची. १९७८ मध्ये उत्पादन थांबवलं आणि १९८० मध्ये सर्व्होच काढून पुन्हा सुरू केलं. आपल्या पावसात पहिल्या मालिकेची मॉन्टेकार्लो चालवायची कल्पनाही नको.

आता पाणी. रेडिएटर नाकाशी, इंजिन पाठीशी, मध्ये गाडीच्या पोटाखालून जाणारे दोन लांब पोलादी पाइप. एकूण कूलंट अकरा लिटरच्या आसपास, म्हणजे छोट्या हॅचबॅकच्या दुपटीहून जास्त. इथे तीन गोष्टी बिघडतात.

पहिली, जॅक. पंक्चरवाला गाडी मध्यभागी उचलतो आणि पाइप चेपतो. बाहेरून काही कळत नाही, पण घाटात इंजिन तापतं. पाइप खालून हाताने चाचपून बघा. चपटा लागला तर बदलायचाच. जॅक कायम सिलवरच्या (दाराखालच्या लांब पत्र्याच्या कडेवरच्या) ठरलेल्या जागी लावायचा, हे पंक्चरवाल्याला प्रत्येक वेळी सांगावं लागेल.

दुसरी, हवा अडकणं. कूलंट बदलल्यावर नुसतं डबा भरून चालत नाही. इंजिन थंड असताना गाडीचं नाक चढावर ठेवा. हीटरचा खटका पूर्ण गरमवर, नाहीतर हीटरमध्ये हवा राहते. मागचा एक्सपान्शन डबा हळूहळू भरा, रेडिएटरच्या माथ्यावरचा एअर स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबून सलग धार आली की बंद. मग इंजिन चालू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबा आणि होज दाबत राहा. फॅन लागून बंद होऊ द्या. पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा एकदा तेच. हा स्क्रू वर्षानुवर्षं न उघडल्याने घट्ट बसलेला असतो. जोर लावला की तुटतो, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. आणि काटा खाली दिसतोय म्हणून खूश होऊ नका. सेन्सरभोवती पाण्याऐवजी हवा असेल तर इंजिन शिजत असतानाही काटा गार दाखवतो.

तिसरी, फॅनचा स्विच. कुंभार्ली किंवा आंबा घाटात ट्रकमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढताना समोरून वारा मिळत नाही. सगळी मदार फॅनवर. इग्निशन चालू ठेवून स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडा. फॅन फिरला तर स्विच गेलाय. नाही फिरला तर फ्यूज, रिले, अर्थिंग, मोटर, याच क्रमाने बघा. किनाऱ्यावर बहुतेक वेळा अर्थिंगच सापडतं: वायरचं टोक हिरवं पडलेलं. घासून, ग्रीस लावून पुन्हा आवळा. उघडझाप करणाऱ्या हेडलाइटचंही तेच. एक डोळा मिटलेलाच राहिला तर मोटरवरच्या गोल मुठीने तो हाताने वर करता येतो. ती मूठ कुठे आहे हे दिवसाउजेडी बघून ठेवा.

बाहेरचं पाणी याहून वाईट. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस पडतो. उरलेले आठ महिने मीठ असतंच: हवेतलं मीठ पत्र्यावर बसतं, रात्रीचा दमटपणा ओढून घेतं आणि पाऊस नसतानाही पत्रा ओला ठेवतं. त्यात जांभ्याची तांबडी माती सिल आणि चाकाच्या कमानीत लिंपली जाते आणि वाळतच नाही. सुरूच्या बनाजवळ गाडी उभी असेल तर आणखी एक शत्रू. सुरूची पानं सुईसारखी. काचेखालच्या जाळीतून आत जातात आणि निचऱ्याच्या भोकात गुंता होऊन बुचासारखी बसतात. हीच गोष्ट खिडक्यांमागच्या हवेच्या खाचांची. उपाय साधा. दर पंधरा दिवसांनी काचेखाली लिटरभर पाणी ओता आणि खाली कुठून, किती वेगाने येतं ते बघा. येत नसेल तर ब्रेकची जुनी केबल घालून भोक मोकळं करा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. कचरा आणखी आत जातो.

गाडी विकत घेताना पाहण्याच्या जागा: पुढच्या डिकीतला बॅटरीचा तळ (बॅटरी उचलूनच बघा, अॅसिड आणि पाणी मिळून तिथला पत्रा चाळण करतात), स्टेपनीचा खड्डा, दाराच्या खालच्या कडा, सिल. सर्वांत महत्त्वाचे मागच्या स्ट्रटचे माथे. तिथे गंज असेल तर सौदा मोडा. ही गाडी चासीवर बसवलेली नाही, सगळा भार पत्र्याच्या सांगाड्यावर आहे. स्ट्रटचा माथा गेला की चाकाची दिशाच हलते आणि मागून गाडी वळवळते. पातळ कापडात गुंडाळलेलं चुंबक सिलवरून फिरवा. जिथे सुटतं तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. नवा चकचकीत काळा अंडरकोट दिसला तर आधी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आवाज ऐका. बोदा आवाज म्हणजे आत काही उरलेलं नाही.

जळकं ऑइल पोटाला मारायची आपली जुनी पद्धत इथे चालणार नाही. ते ठिबकून रबरी बुश आणि होज फुगवतं, आणि इथे एग्झॉस्ट शेजारीच आहे. पोकळ भागात मेणाचा रस्टप्रूफ फवारा आणि वर्षाआड पुन्हा. प्लास्टिकची ताडपत्री तर नकोच; खाली वाफ धरते. चिरेबंदी पडवीत, वारा खेळता ठेवून, उघडी गाडी जास्त टिकते.

इंधनाच्या होजबद्दल हयगय नको. टाकी आणि तापलेलं इंजिन यांत अंतर थोडं, आणि आताचं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला खातं. केबिनमध्ये पेट्रोलचा वास आला तर चालवणं थांबवा. इथेनॉलला टिकणारी होज आणि स्क्रूवाले नवे क्लॅम्प, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळे एकदमच बदला. टायमिंग बेल्ट किलोमीटर न बघता तीन वर्षांनी. क्रँक पुलीपर्यंत मागच्या चाकाच्या कमानीतलं झाकण काढून हात पोचतो. इंजिन उतरवायचं झालं तर ते खालूनच निघतं, म्हणून लिफ्ट किंवा खोल पिट असलेलं गॅरेज आधी शोधा.

चाकं १३ इंची, बोल्ट ४ बाय ९८, म्हणजे आपल्याकडच्या उनो-पॅलिओचंच माप; रिमचा ऑफसेट मात्र मोजूनच घ्या. १५०० चं टायर १६५/७० आर १३. मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेकची यंत्रणा आहे आणि ती खाऱ्या हवेत जाम होते. जूनमध्ये गाडी उभी करताना हँडब्रेक ओढू नका. पहिल्या गिअरमध्ये टाका, चाकामागे लाकडी पाचर लावा आणि आठवड्यातून एकदा गाडी चार फूट पुढे-मागे ढकला.