तुम्ही विचारलंत म्हणून: पावसाळ्यात वाघ दिसत नाही, मग मेळघाटात जाता कशाला?

मेळघाटाच्या पायथ्याला, परतवाड्याकडं राहतो म्हटलं की पुण्या-मुंबईचे लोक हमखास हेच विचारतात. कोअरची, म्हणजे आतल्या राखीव जंगलाची, सफारी पावसाळ्यात बंद, दिसलं तर धुकं, मग कशाला जाता? सरळ उत्तर, झाडं बघायला. मग समोरचा म्हणतो, सागच तर आहे सगळा.

नाही हो. साग भरपूर आहे हे खरं, परतवाड्याचा लाकडाचा बाजार त्याच्यावरच उभा राहिला, पण साग तरी नीट बघितला का कोणी? उन्हाळ्यात त्याची नुसती खराटी होते, आणि तोच पावसात थाळीएवढी पानं घेऊन उभा असतो, वर पांढरट फुलांचे तुरे. कोवळं पान तळहातावर चोळा, हात लालभडक. आमच्या लहानपणी मेंदी म्हणून हाच खेळ होता.

आता मूळ गोष्ट. चिखलदरा जवळपास ११०० मीटरवर आहे आणि गाविलगडाचे डोंगर खालच्या सपाट वऱ्हाडातून एकदम उभे राहिलेत, म्हणून ढग तिथं अडतात आणि खाली पऱ्हाटी, म्हणजे कापूस, पावसाची वाट पाहत असली तरी वर मात्र धो धो चालू. पण हा सगळा पाऊस चार महिन्यांत उरकतो, पुढं आठ महिने कोरडे, म्हणून इथं सदाहरित रान होत नाही, पानगळीचंच होतं. तरी एका डोंगरावर किती प्रकार बघा: उतारावर साग, धावडा, ऐन, तेंदू, बांबू, आणि नाल्यात उतरलं की अर्जुन, जांभूळ, उंबर, जे मे महिन्यातही हिरवे. वरच्या पठारावर काळा खडक, त्याच्यावर बोटभर माती, तिथं झाड टिकत नाही, पण ऑगस्टमध्ये तेरडा असा फुलतो की सगळं गुलाबी.

माझी सगळ्यात आवडती कळलावी. वेल झुडपात घुसते, पानाचं टोक उंदराच्या शेपटीसारखं वळतं आणि शेजारच्या काडीला धरून वर चढतं. फूल खाली तोंड करून लटकतं, पाकळ्या मात्र उलट्या वर, आधी हिरव्या-पिवळ्या, मग हळूहळू लालबुंद. एकाच वेलीवर सगळे रंग सापडतात. हात लावू नका मात्र, कंद जबरदस्त विषारी आहे. आणि मोहाच्या, आंब्याच्या खोडावर बघत चला, रास्नेचं आर्किड चिकटलेलं दिसेल. गाडीतून काहीच दिसत नाही, पायी चालावं लागतं.

इथल्या कोरकू आदिवासी बायाबापड्या याच दिवसात टोपली घेऊन रानभाज्या काढतात, तरोटा, काटवल, कुरडू. आपण ज्याला गवत म्हणून तुडवतो त्यातलं अर्धं त्यांच्या ताटात असतं. त्यांच्याबरोबर एक सकाळ फिरलात तर कुठल्याही गाईडपेक्षा जास्त कळेल, हे माझं ठाम मत.

राग येतो तो रायमुनियाचा, म्हणजे घाणेरीचा. फुलं सुंदर, लोक सेल्फी काढतात, पण ही बाहेरून आलेली झुडपं एकदा पसरली की खाली गवतच उगवू देत नाहीत, मग चितळांनी खायचं काय? वाघाची काळजी करणाऱ्यांनी तिकडं जरा बघावं.

१९७३ साली प्रोजेक्ट टायगर सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ ठिकाणांत मेळघाट होतं, त्यामुळं नाव वाघाचं झालं, ठीक आहे. तुम्ही ऑगस्टअखेर या, शनिवार-रविवार टाळून, घाटात गाड्यांची रांग लागते. छत्री आणू नका, वर वाऱ्यानं उलटी होते, रेनकोट बरा.