शिंगं कुणाची, शेपटी कुणाची

मासळीची शेपटी असली की उठून जाता येत नाही. सकाळपासून हेच डोक्यात घोळतंय.

चित्रकार-शिल्पकार मॅक्स अर्न्स्टचं 'कॅप्रिकॉर्न', म्हणजे मकर राशीच्या नावाचं शिल्प. १९४८ साली ॲरिझोनातल्या सेडोनाला, घराजवळच, सिमेंट आणि भंगार लोखंडातून उभं केलेलं. ब्राँझमध्ये ओतलं ते नंतर. शिंगांचा राजा हातात उंच दंड धरून ऐसपैस बसलाय, शेजारी शेपटीची राणी. चित्रकार डोरोथिया टॅनिंगशी लग्न होऊन दोनच वर्षं झालेली, त्याचं चौथं. १९४२ मध्ये तिच्या स्टुडिओत चित्रं बघायला आला, दोघं बुद्धिबळ खेळले, आणि थोड्याच दिवसांत हा तिथे राहायलाच आला!

काल शिरीषला फोटो दाखवला. मोबाइल लांब धरून बघितला आणि म्हणाला, "आपल्यासारखेच आहेत की." आणि गेला विरजण लावायला.

विचित्र देहांचं मला काही नाही. सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती तीन सोंडांनिशी मोरावर बसलाय, आपण निमूट हात जोडतो. मदनाच्या ध्वजावरही मकरच. तिकडच्या राशीतला मकर म्हणजे वरून बोकड, खालून मासा. अर्न्स्टने तो एकच प्राणी दोघांत वाटून टाकला, असं मला वाटतं. शिंगं त्याला, शेपटी तिला. किती प्रेमाने केलंय म्हणावं, तर वाटणीत पाय नेमके कुणाचे गेले?



शिवाय दोघं एकमेकांकडे बघतही नाहीत. समोर बघतात. आपल्यासारखे म्हणजे असे? टॅनिंग मात्र तो १९७६ मध्ये गेल्यावरही चित्रं काढत राहिली, म्हातारपणी कवितांची पुस्तकं काढली, १०१ वर्षं जगली. शेपटीने तिचं काही अडलेलं दिसत नाही. माझंच अडतं.

संध्याकाळी स्कूटरवर नळस्टॉपच्या सिग्नलला उभे होतो. दोघंही समोर बघत, अर्थात. मागून हेल्मेटवर टकटक करून विचारलं, "त्यातली मी कोण?"

"शिंगंवाली," तो म्हणाला. "बँक, गॅस, माझी आई, सगळं तूच बघतेस. मी आपला शेजारी बसलेला."

मला इतकं हसू आलं की मागचा रिक्षावाला बघायला लागला. घरी येईपर्यंत मात्र परत राग. म्हणजे दंडही मीच धरायचा? आणि याला बरं मासा होऊन पाण्यात पडून राहायचंय! उद्या गॅसचा नंबर यालाच लावायला सांगते.