आमची वाटचाल : मध्यबिंदू धरून कापलेली वर्तुळे

कराडजवळच्या आमच्या छोट्या कारखान्यात आज जे काम चालते, त्यातील निम्म्याहून अधिक काम गोल आकाराचे असते. सागवानी जेवणाच्या टेबलांचे टॉप, हॉटेलांसाठी स्टुलांच्या बैठका, भिंतीवरच्या घड्याळांच्या डायल, स्पीकरच्या पेट्यांच्या पुढच्या फळ्या आणि वॉश-बेसिनसाठी लाकडी फळीत पाडायची गोल छिद्रे अशी ही सर्व कामे आम्ही हातात धरायच्या राउटरवर (वेगाने फिरणाऱ्या पात्याने लाकूड कापणारे यंत्र) आणि स्वतः घडवलेल्या जिगवर (यंत्राला ठरलेल्या मार्गाने नेणारा साचा) करतो. मोठ्या यंत्राशिवाय इतका नेमका गोल कसा निघतो, असे ग्राहक अनेकदा विचारतात. आमची वाटचाल याच प्रश्नाभोवती झालेली असल्यामुळे ती सांगताना कामाची रीतही सविस्तर सांगावी, असे मला वाटते.

वडिलांच्या काळात आमच्याकडे प्रामुख्याने सरळ रेषेचे काम होते. चौकटी, दारे, खिडक्या आणि कपाटे यांत गुण्या आणि रंधा यांवर सारी मदार असे. गोल टेबलाची मागणी क्वचित येई, तेव्हा फळीच्या मध्यावर खिळा ठोकून, दोरीने पेन्सिल फिरवून वर्तुळ आखले जाई, जिगसॉने, म्हणजे वरखाली चालणाऱ्या पात्याच्या विजेच्या छोट्या करवतीने, कापले जाई आणि पुढे कानस व पॉलिश पेपर यांनी कड सारखी केली जाई. वडिलांचा हात इतका चांगला होता की एकटे टेबल पाहणाऱ्याला त्यात खोट दिसत नसे. मात्र जाड लाकडात जिगसॉचे पाते वाकते, त्यामुळे वरची कड रेघेवर आणि खालची कड रेघेच्या आत किंवा बाहेर, असे होते; आणि कानशीने घासताना प्रत्येक टॉप थोडा वेगळा होत जातो. एका हॉटेलकडून एकसारख्या स्टुलांची मोठी मागणी आली, तेव्हा हा फरक महत्त्वाचा ठरला. ६०० मिलिमीटर व्यासाच्या टॉपचा परिघ १,८८५ मिलिमीटर भरतो आणि कड झाकणारी लिपिंग पट्टी त्याच मापाने एकगठ्ठा कापायची असते. व्यासात २ मिलिमीटरचा फरक पडला, तरी पट्टीत ६ मिलिमीटरहून अधिक फरक पडतो. म्हणजे एका टॉपवर पट्टी अपुरी पडते आणि दुसऱ्यावर तिचे टोक चढते. त्या मागणीपासून आम्ही वर्तुळासाठी राउटर वापरू लागलो.

या पद्धतीचे तत्त्व शाळेतल्या कर्कटकाचेच आहे. मध्यावर एक पिन, तिच्यापासून ठरावीक अंतरावर फिरणारा बिट (राउटरचे कापणारे पाते) आणि दोघांना जोडणारी न वाकणारी पट्टी, एवढेच त्यात असते. सारा कस लागतो तो हे अंतर संपूर्ण फेरीत तसूभरही न बदलू देण्यात. सुरुवातीच्या जिगमध्ये ६ मिलिमीटर प्लायची पट्टी आणि मध्ये खिळा होता. खिळा बाजूच्या जोराने झुकतो आणि प्लायमधले त्याचे छिद्र हळूहळू रुंदावते, म्हणून आम्ही १० मिलिमीटर जाडीच्या हायलम शीटकडे (राळेत दाबून केलेला कडक पत्रा) वळलो आणि खिळ्याच्या जागी यंत्रकामात वापरली जाणारी ६ मिलिमीटरची कडक डॉवेल पिन आणली. तिचे छिद्र कराडच्या एका लेथ कारागिराने रीमर (छिद्र नेमक्या मापाचे करणारे हत्यार) फिरवून इतके घट्ट बसवून दिले की पिन बोटाने दाबून आत जाते आणि हलवून पाहिली तरी डुगडुगत नाही. माझ्या मते आमच्या कारखान्यात आलेली ही सर्वांत मोलाची सुधारणा आहे. नवा महागडा राउटर घेऊनही जे साधले नसते, ते या छोट्याशा पिनेने साधले.

पुढे आम्ही दोन प्रकारच्या जिग ठेवल्या. एकीत लांब खाच आहे, तिच्यात पिनेचा सरकता ठोकळा पाहिजे त्या मापावर आणून स्क्रूने आवळता येतो. ही एखाददुसऱ्या कामासाठी आहे. नेहमीच्या ३००, ४५०, ६००, ७५० आणि ९०० मिलिमीटर व्यासांसाठी मात्र न सरकणाऱ्या, ठरलेल्या छिद्रांची पट्टी आहे. आवळलेला ठोकळा राउटरच्या थरथरीने कधी ना कधी सैल होतो, आणि तो झाल्याचे कापून झाल्यावरच कळते. पाडलेले छिद्र जागा सोडत नाही.

माप घेताना बिटची कोणती कड धरायची, हे नव्या माणसाला आम्ही सर्वांत आधी शिकवतो. तबकडी हवी असेल तर पिनेच्या मध्यापासून बिटच्या जवळच्या कडेपर्यंत त्रिज्या मोजायची. छिद्र हवे असेल तर लांबच्या कडेपर्यंत. ६ मिलिमीटरच्या बिटने एकाच फेरीत निघालेली तबकडी आणि तिच्याभोवती उरलेले छिद्र यांच्या व्यासांत १२ मिलिमीटरचा फरक असतो. धार लावून आणलेला बिट मूळ मापापेक्षा किंचित बारीक झालेला असतो, ही बाबही ध्यानात ठेवावी लागते. तो ६ ऐवजी ५.८ मिलिमीटर भरला, तर त्याच जिगवर तबकडी ०.२ मिलिमीटरने मोठी आणि छिद्र ०.२ मिलिमीटरने लहान निघते, आणि एकमेकांत बसवायच्या जोडीतली मोकळी जागा ०.४ मिलिमीटरने आटते. म्हणूनच एकमेकांत बसणाऱ्या कामांसाठी आम्ही धार लावलेले बिट वापरत नाही. ते खरडकाम आणि खाचांसाठी वेगळ्या डब्यात राहतात.

कापण्याची दिशा हा वादाचा विषय नसून यांत्रिक गरजेचा आहे. वरून पाहिले असता राउटरचा बिट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, आणि लाकडात पूर्ण रुतून पुढे जाताना तो राउटरला चालीच्या डावीकडे ओढतो. आपण पिनेभोवती काट्यांच्या उलट दिशेने गेलो, की डावी बाजू म्हणजे मध्याची बाजू होते. राउटर सतत पिनेकडे रेटला जातो आणि पिनेत केसभर जरी खेळ (सैलपणा) असला, तरी तो संपूर्ण फेरीत एकाच बाजूला राहतो. छिद्राची आतली कड साफ करायची असेल, तेव्हा मात्र काट्यांच्या दिशेने जावे लागते. १८ मिलिमीटर प्लाय आम्ही एका दमात कधीही कापत नाही. प्रत्येक फेरीला ३ मिलिमीटर या बेताने खाली जातो, खाली टाकाऊ फळी असते, आणि तबकडी शेवटच्या फेरीत सुटून बिटवर येऊ नये म्हणून ती दुहेरी चिकटपट्टीने त्या फळीला आधीच जखडलेली असते. सागवानात चाल मंदावली की कड करपते, म्हणून बिट खाली उतरवताना आणि वर उचलतानाही हात चालता ठेवावा लागतो. वायर छतावरून सोडलेली असते, आणि कारागीर जागेवर उभा राहून हात वळवत नाही, तर टेबलाभोवती चालतो. त्यासाठी आम्ही कारखान्यातले मुख्य टेबल भिंतीपासून काढून मध्यभागी आणले.

मध्यबिंदूचे छिद्र कोठे पाडायचे, याचा निर्णय प्रत्येक कामात निराळा असतो. टेबलटॉपला ते खालच्या बाजूने, आरपार न जाणारे असते. घड्याळाच्या डायलमध्ये यंत्राच्या दांड्यासाठी साधारण ८ मिलिमीटरचे छिद्र लागतेच, म्हणून तिथे आम्ही पिनच ८ मिलिमीटरची लावतो. त्यामुळे काटे आणि कड यांचा मध्य आपोआप एक राहतो. दोन्ही बाजूंनी व्हिनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) असलेल्या फळीला एकही छिद्र चालत नाही. अशा वेळी प्लायचा छोटा तुकडा मध्यावर चिकटवून पिन त्यात बसवतो आणि तेवढ्याच जाडीची फळी राउटरखाली देऊन पातळी राखतो.

स्पीकरच्या पेट्यांचे काम आमच्याकडे गणेशोत्सवाच्या आधी येते. सातारा, सांगली आणि कोल्हापूर येथील ध्वनियंत्रणा पुरवणारे व्यावसायिक पुढच्या फळ्या कापून नेतात. या कामात एकाच मध्यातून दोन वर्तुळे काढावी लागतात: स्पीकरचे कडे फळीच्या पातळीत बसावे म्हणून बाहेरची उथळ खाच, आणि आतले आरपार छिद्र. खाच आधी आणि छिद्र नंतर, हा क्रम कधीच मोडत नाही, कारण छिद्र आधी पाडले तर मधला तुकडा मध्यबिंदूसह निघून जातो आणि खाच काढायला पिन टेकवायला जागाच उरत नाही. १५ इंची म्हटला जाणारा स्पीकर बाहेरून १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर, भरेलच असे नाही. तो बहुधा त्याहून काही मिलिमीटर मोठा असतो, आणि छिद्राचे मापही प्रत्येक बनावटीत बदलते. म्हणून प्रत्यक्ष स्पीकर आमच्या हाती आल्याशिवाय आम्ही फळी कापायला घेत नाही, मग ग्राहकाला कितीही घाई असो.

मालाची बचत हा छोट्या व्यवसायाचा श्वास असतो, त्यामुळे त्याबद्दलही थोडे सांगतो. आठ बाय चार फुटांच्या, म्हणजे २,४४० बाय १,२२० मिलिमीटरच्या प्लायमधून ६०० मिलिमीटर व्यासाचे आठ टॉप निघतात. शेजारच्या दोन वर्तुळांत एकच काप सामाईक ठेवला, तर ६ मिलिमीटरच्या बिटने रुंदीत १,२१८ आणि लांबीत २,४३० मिलिमीटर लागतात. हिशेब जेमतेम बसतो, म्हणून फळीच्या कडा आधी तपासाव्या लागतात. चार वर्तुळांच्या मधे जी चांदणीसारखी जागा उरते, तिच्यात २४० मिलिमीटर व्यासाची घड्याळाची डायल मावते, आणि एका फळीत अशा तीन जागा असतात. या डायल आधी कापाव्या लागतात, कारण मोठे टॉप निघाल्यावर मधल्या तुकड्याला धरून ठेवणारे काही राहत नाही. आमच्या घड्याळांचा व्यवसाय खरे तर याच उरलेल्या जागांतून उभा राहिला.

प्लाय जिथे कापतो तिथे गोलच राहतो. भरीव लाकडाचे तसे नाही. लाकूड रेषेच्या, म्हणजे त्यातल्या तंतूंच्या, लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण आडव्या दिशेने हवेतल्या दमटपणानुसार फुगते आणि आटते. सागवानात ओलाव्याच्या प्रत्येक १ टक्का बदलामागे आडव्या दिशेने, फळी खोडातून कशी चिरली आहे त्यानुसार, साधारण ०.१ ते ०.१९ टक्के फरक पडतो. ९०० मिलिमीटरच्या टॉपमध्ये ओलावा ४ टक्क्यांनी बदलला, तर एका दिशेचा व्यास साडेतीन ते पावणेसात मिलिमीटरने बदलतो आणि दुसऱ्या दिशेचा जवळपास तसाच राहतो. अचूक कापलेले वर्तुळ अशा रीतीने काही महिन्यांत अंडाकृतीकडे झुकते. आमचा माल एकीकडे महाबळेश्वरच्या पावसात जातो आणि दुसरीकडे सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात, त्यामुळे हा विषय आम्हाला टाळता येण्यासारखा नव्हता. आता प्रत्येक भरीव टॉप मॉइश्चर मीटरवर १० ते १२ टक्क्यांदरम्यान स्थिरावल्यावरच शेवटच्या मापाला कापला जातो, आणि पाय जोडताना स्क्रूची छिद्रे आडव्या दिशेने लांबट ठेवली जातात.

गरम भांडी ठेवण्यासाठी सागवानी टॉपच्या मध्यभागी गोल दगडी तबकडी बसवण्याची मागणी आम्हाला आली, तेव्हा या ज्ञानाचा खरा उपयोग झाला. दगड हलत नाही आणि त्याच्याभोवतीचे लाकूड हलते. पावसाळ्यात लाकूड फुगले की मधले छिद्र आवळते, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः लाकूड फुगते तेव्हा त्यातले छिद्रही आडव्या दिशेने मोठे होते. धोका असतो तो उन्हाळ्यात. पावसाळ्यात दगड घट्ट बसवला, तर मार्च-एप्रिलमध्ये आटणारे लाकूड त्याला कवटाळते आणि टॉपला रेषेत तडा जातो. ३०० मिलिमीटरच्या छिद्रात हा बदल एक-दोन मिलिमीटरचा असू शकतो, म्हणून आम्ही दगडाभोवती सगळीकडे दीड मिलिमीटरची फट ठेवतो आणि ती लवचीक सिलिकॉनने भरतो. ही फट सर्वत्र सारखी दिसली तरच ती देखणी वाटते, आणि ती सारखी दिसण्यासाठी दगडाचा गोल व लाकडाचा गोल दोन्ही निर्दोष असावे लागतात.

गेल्या काही वर्षांत पुणे आणि कोल्हापुरात संगणकाने चालणाऱ्या सीएनसी राउटरवर जॉबवर्क सहज करून मिळते, आणि प्लायच्या मोठ्या मागण्या आम्हीही तिकडे पाठवतो. त्याबद्दल आमच्या मनात आकस नाही. मात्र जोडून तयार केलेला, हाताने रंधलेला, वजनदार सागवानी टॉप इथून तिथे हलवणे, किंवा ग्राहकाच्या घरी आधीच बसवलेल्या फळीत बेसिनचे छिद्र पाडणे, ही कामे हातातल्या राउटरचीच आहेत. रेषेविरुद्ध जाणाऱ्या कडेवर कपची निघेल का, हे कारागिराच्या हाताला आवाजावरून आधीच कळते आणि तो तिथे अर्धा मिलिमीटरचा हलका शेवटचा काप घेतो; प्रत्येक वेगळ्या फळीसाठी हा निर्णय जागच्या जागी व्हावा लागतो.

सध्या आम्ही लंबवर्तुळाकार टेबलांची जिग घडवत आहोत. तिच्यात एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन खाचांतून दोन ठोकळे सरकतात आणि दोघांवर टेकलेल्या दांड्याच्या टोकाला राउटर असतो. १,८०० बाय १,००० मिलिमीटरच्या टॉपसाठी दोन पिनांमधले अंतर ४०० मिलिमीटर ठेवावे लागते, आणि बिटची कापणारी कड एका पिनेपासून ९०० व दुसरीपासून ५०० मिलिमीटरवर येते. लाकडी ठोकळे दमट हवेत खाचेत अडकतात, म्हणून नायलॉनचे करून घेतले आहेत; ते अडकत नाहीत, पण खाचेच्या टोकांशी त्यांचा थोडा खेळ अजून जाणवतो. तो काढण्यासाठी खाचांना अॅल्युमिनियमचे अस्तर देण्याचे काम चालू आहे, आणि ते पूर्ण झाल्यावरच या टेबलांच्या मागण्या स्वीकारायला आम्ही सुरुवात करू.