सत्रवृत्तातील नावे

दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच्या आठवड्यात, सत्र परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे अजून टेबलावरच असतात तेव्हा, मुख्याध्यापिका बाई माझ्याकडे एक फाइल सरकवतात आणि "वृत्ताचे तेवढे बघा" एवढेच म्हणतात. आमच्या माध्यमिक शाळेच्या प्रथम सत्राचे वृत्त लिहिण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. हे चार पानी पत्रक मुलांबरोबर घरोघरी जाते, माजी विद्यार्थ्यांना पाठवले जाते आणि स्नेहसंमेलनात वाचल्या जाणाऱ्या वार्षिक अहवालाचा निम्मा मजकूर त्यातूनच उचलला जातो. मी मराठी शिकवते म्हणून ते माझ्याकडे आले असावे. प्रत्यक्षात त्यात भाषेचे काम थोडे आणि नावे तपासण्याचे काम फार आहे.

पहिल्या वर्षी मी जुने अंक चाळले. प्रत्येक अंकात शाळेच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवला गेला होता, प्रत्येक यश घवघवीत होते आणि प्रत्येक विद्यार्थ्यावर सर्व स्तरांतून अभिनंदनाचा वर्षाव होत होता. परीक्षेला किती मुले बसली होती, हे मात्र कोठेही लिहिलेले नव्हते. तेव्हापासून मी दोन नियम पाळत आले आहे. निवड झालेल्यांच्या संख्येआधी बसलेल्यांची संख्या द्यायची, आणि ज्याने भाग घेतला त्याचे नाव, निकाल काहीही लागला असला तरी, छापायचे. दुसरा नियम मी या सत्रात स्वतःच मोडला, त्याविषयी पुढे लिहीत आहे.

वृत्ताची सुरुवात अर्थातच दहावीच्या निकालाने होते. राज्य मंडळाने गुणवत्ता यादी जाहीर करणे केव्हाच बंद केले, 'बोर्डात येणे' हा शब्दप्रयोग आता पालकांच्या पिढीपुरता उरला आहे, आणि तरीही पहिल्या पाच जणांची छायाचित्रे पहिल्या पानावर असावीत असा आग्रह दर वर्षी होतोच. मी ती छापते. त्या मुलांनी मेहनत केलेली असते आणि त्यांच्या घरी तो अंक जपून ठेवला जाणार असतो. मात्र टक्केवारीच्या दशांश चिन्हानंतरच्या दोन आकड्यांवरून कोण तिसरे आणि कोण चौथे हे ठरवण्यात शिक्षकांची एक अख्खी दुपार जाते, ती मला वाया गेल्यासारखी वाटते.

यंदा सर्वांत अधिक वेळ गेला तो एनएमएमएस, म्हणजे 'नॅशनल मीन्स-कम-मेरिट स्कॉलरशिप'च्या परिच्छेदावर. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलांनी आठवीनंतर शाळा सोडू नये यासाठी केंद्र सरकारने २००८ मध्ये ही शिष्यवृत्ती सुरू केली. आठवीत परीक्षा द्यायची आणि निवड झाली की नववी ते बारावी दरमहा १,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. देशभरात दर वर्षी एक लाख शिष्यवृत्त्या आहेत, त्यांपैकी महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ इतका आहे. बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी असे प्रत्येकी ९० प्रश्नांचे दोन पेपर राज्य परीक्षा परिषद घेते. मागच्या वर्षी आमची जी मुले बसली, त्यांपैकी तिघांची निवड झाली आणि ती आता नववीत आहेत. जुन्या पद्धतीने लिहायचे तर ही बातमी दोन ओळींत संपली असती.

परंतु निवड होणे आणि पैसे खात्यावर जमा होणे या दोहोंच्या मध्ये राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरची नोंदणी असते, आणि तेथे विद्यार्थ्याचे नाव आधार कार्डावरील नावाशी अक्षरशः जुळावे लागते. तिघांतील एका मुलाच्या नावाची सुरुवात 'ज्ञ'ने होते. हा 'ज्ञ' रोमन लिपीत लिहिताना मराठी माणूस 'डी'पासून सुरुवात करतो, आणि मीही परीक्षेच्या अर्जात तसाच लिहिला होता. आधार केंद्रावरच्या कोणी तरी तो फार पूर्वी 'जी'पासून लिहून ठेवला होता. अर्ज भरताना कार्डाची प्रत माझ्यासमोर होती. मी नाव मराठीत वाचले, ते बरोबर होते, म्हणून इंग्रजी अक्षरांकडे पाहिलेच नाही. त्या एका अक्षरापायी मुलाच्या आईला कामाचे दोन खाडे करावे लागले. दुसऱ्या खेपेला ती शिक्षक-खोलीच्या दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, याचं नाव आम्ही बदलून टाकू का?" हे ती रागाने म्हणाली नव्हती, म्हणून ते मला अधिक लागले. शेवटी दुरुस्ती झाली. वृत्तात मी निवडीच्या बातमीखाली एक चौकट घातली आहे: आठवीच्या सर्व पालकांनी पाल्याचे आधार कार्ड, शाळेचे जनरल रजिस्टर आणि बँकेचे खाते यांवरील नाव मराठीत आणि इंग्रजीत ताडून पाहावे. अभिनंदनाच्या पानावर सूचना कशाला, असे एका सहकाऱ्याने विचारले खरे. माझ्या मते त्या पानावरचा सर्वांत उपयोगी मजकूर तोच आहे.

चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांबाबत या वृत्तात निकाल नाही, केवळ बसलेल्यांची नावे आहेत, कारण परीक्षा पहिल्या सत्राच्या अखेरीस होतात आणि निकाल दुसऱ्या सत्रात लागतो. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी परीक्षेत उत्तीर्ण झाल्यावर इंटरमिजिएटला बसता येते, आणि इंटरमिजिएटमध्ये 'अ' श्रेणी मिळाली तर दहावीच्या निकालात ७, 'ब'ला ५ आणि 'क'ला ३ वाढीव गुण मिळतात. हे गुण जाहीर झाल्यापासून चित्रकलेच्या वर्गातील गर्दी वाढली, हे आमचे कलाशिक्षक सर हसत हसत मान्य करतात. गुणांसाठी आलेल्या मुलांतील काही जण मात्र गुण विसरून रंगवू लागतात, असेही तेच सांगतात. सरावाच्या एका दुपारी मी त्या वर्गात डोकावले. स्मरणचित्राचा विषय होता बसथांबा. सगळ्यांच्या कागदावर समोरून येणारी बस होती; एका मुलीने मात्र बस निघून गेल्यानंतरचा थांबा काढला होता, त्यात धुरळा होता आणि पाठमोरी धावणारी एक बाई. परीक्षकांना ते कसे वाटेल याची सरांना काळजी वाटत होती. मला ती बाई अजून आठवते.

शालेय मुलांच्या नव्या वैज्ञानिक कल्पनांना मदत करणाऱ्या केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेसाठी शाळेने पाच कल्पना पाठवल्या आहेत. निवड झालेल्या प्रत्येक कल्पनेच्या प्रतिकृतीसाठी १०,००० रुपये मिळतात, पण ती बातमी निवड झाल्यावर लिहिलेली बरी.

खेळाच्या पानावरून यंदा थोडा वाद झाला. सतरा वर्षांखालील मुलींचा खो-खोचा संघ तालुक्यात जिंकला आणि जिल्हास्तरावर उपांत्य फेरीत एका गुणाने हरला. मुख्याध्यापिका बाईंचे म्हणणे असे की 'जिल्हास्तरापर्यंत मजल' एवढे लिहावे. हरल्याचे मुद्दाम कशाला सांगायचे? मी तो सामना पाहिला होता. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ जणी चौकोनांत आळीपाळीने उलटसुलट तोंडे करून बसतात, नववी धावते. तिला एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही आणि मधली रेषा ओलांडता येत नाही, म्हणून योग्य क्षणी योग्य मुलीच्या पाठीशी पोहोचून खो देणे हाच सगळा खेळ असतो. शेवटच्या मिनिटाला आमच्या कर्णधाराने खांबाजवळ झेप घेतली. प्रतिस्पर्धी मुलगी तिच्या बोटांपासून वीतभर अंतरावरून निसटली आणि शिट्टी वाजली. कर्णधार तशीच पालथी पडून राहिली. तेव्हा राखीव खेळाडूंच्या बाकावरची एक मुलगी, जिला संपूर्ण स्पर्धेत एकदाही मैदानात उतरता आले नव्हते, पाण्याची बाटली घेऊन सर्वांच्या आधी तिच्यापर्यंत धावत गेली. हा सामना 'मजल' या एका शब्दात बसवणे मला जमेना. अखेर 'एका गुणाने पराभूत' हे शब्द राहिले आणि राखीव खेळाडूंसह सर्व मुलींची नावे छापली गेली. त्याबद्दल बाईंचे आभार मानले पाहिजेत.

आता मोडलेल्या नियमाविषयी. मार्चच्या दहावीच्या परीक्षेत आमचे तीन विद्यार्थी अनुत्तीर्ण झाले होते. पुरवणी परीक्षा पूर्वी ऑक्टोबरमध्ये होई आणि वर्ष हातचे जाई. आता ती उन्हाळी निकालानंतर लगेचच होत असल्याने उत्तीर्ण होणाऱ्याला त्याच वर्षी पुढचा प्रवेश घेता येतो. निकालानंतरच्या त्या थोड्या आठवड्यांत गणिताच्या सरांनी या तिघांना रोज शाळा सुटल्यावर बसवले. तिघेही उत्तीर्ण झाले. मी वृत्तात लिहिले: 'पुरवणी परीक्षेस तीन विद्यार्थी बसले, तिन्ही उत्तीर्ण.' नावे दिली नाहीत. आधी नापास झाल्याचे गावभर कशाला कळवायचे, असा विचार मी केला आणि तो मला समंजसपणाचा वाटला. त्या तिघांना विचारावे, हे मात्र सुचले नाही.

अंक वाटला गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांतील एक मुलगा शाळेत आला. तो आता तांत्रिक अभ्यासक्रमाला आहे. धाकट्या बहिणीचा अंक त्याने घडी घालून खिशात ठेवला होता. तो म्हणाला, "बाई, यात माझं नाव नाही." मी कारण सांगू लागले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "नापास झालो ते सगळ्यांना माहीतच आहे. पास झालो ते कोणाला माहीत नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या वेळी माझ्या टेबलावर ७ नोव्हेंबरच्या विद्यार्थी दिनाचे टिपण पडले होते. १९०० साली त्या तारखेला साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा प्रवेश झाला आणि रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर 'भिवा रामजी आंबेडकर' ही नोंद झाली. राज्य सरकारने २०१७ मध्ये हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला, तो याच नोंदीमुळे. रजिस्टरातील एका नावाचे महत्त्व मुलांना कसे समजावून सांगावे, याचे मुद्दे मी त्याच सकाळी काढले होते.

अंक छापून झाला होता. दुसऱ्या सत्राच्या अंकात शुद्धिपत्र येईल, असे मी त्याला सांगितले. पण तो अंक एप्रिलमध्ये निघणार. म्हणून आम्ही दोघे प्रवेशद्वाराजवळच्या फळ्याकडे गेलो. उरलेल्या दोघांना त्याने तिथूनच फोन करून विचारले. एकाने होकार दिला, दुसऱ्याने नको म्हटले. मग मी सुविचाराच्या खालची जागा पुसली आणि 'पुरवणी परीक्षेत उत्तीर्ण' असे लिहून दोन पूर्ण नावे लिहिली. मुलगा दोन पावले मागे सरकला आणि फळा वाचून जरा घुटमळला. मग "बाई, एक मिनिट" म्हणून त्याने माझ्या हातातला खडू घेतला आणि स्वतःच्या आडनावातली ऱ्हस्व वेलांटी पुसून ती दीर्घ केली.