आधी तारण, मग आज्ञापालन

अमेरिकन ख्रिस्ती मिशनरी रॉयल वाइल्डर यांनी 1852 साली कोल्हापुरात मिशनकार्य सुरू केले. त्या परंपरेत वाढूनही देवाच्या आज्ञा पाळल्याने तारण (पापापासून सुटका) मिळते, असाच माझा कित्येक वर्षे समज होता. बायबलच्या नव्या करारातील इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल तारणाला कर्मांचे फळ नव्हे, तर कृपेने विश्वासाच्या द्वारे मिळालेले देवाचे दान म्हणतो, आणि लगेच दहाव्या वचनात आपण सत्कृत्यांसाठीच निर्माण झालो असेही सांगतो. (आम्ही आठवे-नववे वचन पाठ करून नेमके तिथेच थांबायचो.) क्रियांवाचूनचा विश्वास निर्जीव आहे, हे नव्या करारातीलच याकोबाच्या पत्रातले म्हणणे मला या क्रमामुळेच पौलाच्या विरोधात वाटेनासे झाले. माझ्या आजीने पहाटेची प्रार्थना कधी चुकवली नाही, आणि तिचा हिशेबही कधी ठेवला नाही.