रोज एक मिलिमीटर

दंडाचं हाड मधोमध मोडलं की कधीकधी हाडापेक्षा नस जास्त छळते. हाड जुळून येतं, एक्स-रे छान दिसतो, आणि पेशंट हात पुढे करतो तर मनगट खाली लोंबतंय. बोटं सरळ होत नाहीत, अंगठा उचलत नाही. मग डॉक्टर माझ्याकडे पाठवतात (मी फिजिओथेरपिस्ट आहे) आणि माझ्याकडे आल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, वायर तुटलीय ना? मग जोडून का टाकत नाहीत?"

या वायरवर माझा जुना राग आहे. वायर निर्जीव असते. कुठूनही तोडा, पुढचा तुकडा आहे तसा राहतो. नस जिवंत आहे आणि तिचा जीव भलतीकडेच असतो. मनगट उचलायला लावणारी चेतापेशी राहते मानेतल्या मज्जारज्जूत. तिथून तिचा एकच लांब तंतू निघतो. मानेच्या मणक्यांमधून बाहेर पडून, काखेतून, दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून तो थेट कोपराखालच्या स्नायूत पोचतो. पेशी इतकी लहान की नुसत्या डोळ्यांनी धड दिसायची नाही, आणि तंतू जवळजवळ हाताएवढा लांब! असे हजारो तंतू एकत्र बांधले की झाली रेडियल नस. स्पर्शाच्या पेशी मात्र मज्जारज्जूत नसतात, मणक्यांलगतच्या गाठींमध्ये असतात. त्यांचे तंतूही याच वाटेने जातात आणि घामाचेही. म्हणून नस गेलेल्या भागाची कातडी कोरडी पडते. पंज्याकडे जाणारी मीडियन नस तुटली असेल, तर तिच्या ताब्यातली बोटं अर्धा तास पाण्यात ठेवा, सुरकुत्या पडत नाहीत.

तंतू जगतो तो पेशीने पाठवलेल्या मालावर. दंडात तो तुटला की खालचा भाग उपाशी पडतो आणि काही दिवसांत विरघळून जातो. ऑगस्टस वॉलर यांनी हे 1850 मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून दाखवलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी हेल्महोल्त्झ यांनी बेडकाच्याच पायाच्या नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजलं. सेकंदाला साधारण 27 मीटर. तोवर हा वेग मोजताच येणार नाही असं मोठमोठे लोक म्हणत होते. पुढे 1921 मध्ये ओटो लोवी यांनी बेडकाच्या एका हृदयाची नस चेतवून ते मंद केलं, त्याच्याभोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं. म्हणजे तंतूच्या टोकाशी वीज संपते आणि पुढचं काम रसायन करतं. आपल्या मनगटाच्या स्नायूपाशीही तेच होतं, फक्त तिथे त्या रसायनाने स्नायू आकसतो. बेडकांचे आपल्यावर फार उपकार आहेत.

तर, नस नेमकी किती दुखावली यावर सगळं अवलंबून. सेडन यांनी 1943 मध्ये केलेले तीन प्रकार आम्ही आजही वापरतो. तंतूवरचं मायलिनचं आवरणच चेपलं असेल तर काही आठवड्यांत हात उठतो. नस पूर्ण तुटली असेल तर ऑपरेशन. मधला प्रकार माझ्या वाट्याला सगळ्यात जास्त येतो. यात आतले तंतू तुटलेत, पण बाहेरची नळी शाबूत आहे. त्या नळीतल्या श्वान पेशी (हे नाव एका शास्त्रज्ञावरून, कुत्र्याशी संबंध नाही) मेलेला माल साफ करतात आणि वाट धरून ठेवतात. वरचं टोक त्या वाटेने वाढत येतं, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. महिन्याला तीन सेंटीमीटर. मी टेप लावून मोजते आणि पेशंटसमोर महिने लिहिते. चेहरे पडतात, पण खोटी आशा लावण्यापेक्षा हे बरं.

ते टोक कुठवर आलंय ते कळतं टिचकीने. मनगटाकडून वर, नसेच्या रेषेवर बोटाने हलकं ठोकत जायचं. एका जागी पेशंट दचकतो: "इथे, इथे! अंगठ्यामागे मुंग्या गेल्या." तिथे पेनाने खूण करायची. पुढच्या महिन्यात ती खूण पंज्याच्या दिशेने सरकलेली असली की मी निश्चिंत. आधी कोपराशेजारचा स्नायू जागा होतो, मग मनगट, मग बोटं, अंगठा सगळ्यात शेवटी. तोवर मनगटाला आधार देणारं स्प्लिंट, आणि दुसऱ्या हाताने बोटं रोज हलवत राहणं. सांधे आखडले तर परत आलेली नस करणार काय? घाई आहे ती स्नायूला. वर्ष-दीड वर्ष संदेशच आला नाही तर तो पुन्हा उभा राहणं अवघड.

हा हिशोब फक्त मज्जारज्जूच्या बाहेरचा. माझ्याकडे पक्षाघाताचेही पेशंट येतात, त्यांचंही मनगट लोंबतं. पण मनगटाजवळ हातोडी मारली की नस गेलेल्याचा हात गप्प, पक्षाघातवाल्याचा नको इतका उसळतो. दुसऱ्याची मज्जारज्जूतली पेशी धडधाकट आहे, तिला लगाम घालणारा वरचा मेंदू दुखावलाय, तोही विरुद्ध बाजूचा. मेंदूत आणि मज्जारज्जूत तुटलेला तंतू असा परत वाढत नाही. तिथे श्वान पेशी नसतात, आणि आजूबाजूच्या पेशी वाढीला वाट देण्याऐवजी अडवतात. तिथे टेप काढून उपयोग नाही. वाचलेल्या पेशींनी ते काम उचलायचं असतं, आणि त्या उचलतात सरावाने. म्हणून लोंबणाऱ्या मनगटाच्या या दोन पेशंटांना माझ्याकडून दोन अगदी वेगळे गृहपाठ मिळतात. एकाला हात सांभाळून वाट बघायची असते. दुसऱ्याला पेला धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा, कंटाळा येईपर्यंत आणि आल्यावरही.