तुम्ही विचारलंत म्हणून: कऱ्हाडच्या मंडपातलं भाषण

वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून जाते, तेव्हा बक्षीस समारंभ आटोपला की मुलं, त्यांचे शिक्षक, कधी पालकही हमखास विचारतात, "बाई, तुम्ही ऐकलेलं सगळ्यात प्रभावी भाषण कोणतं?" मैदानं गाजवणाऱ्या एखाद्या फर्ड्या वक्त्याचं नाव त्यांना अपेक्षित असतं. मी लेखिका दुर्गाबाई भागवतांचं नाव घेते. डिसेंबर १९७५, कऱ्हाडचं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. मी तेव्हा आठवीत होते.

त्या वेळचं कऱ्हाड आधी सांगायला हवं. जूनमध्ये आणीबाणी लागली होती. त्यातलं राजकारण आम्हा मुलांना कळत नव्हतं, पण मोठी माणसं दबून बोलतात एवढं बरोबर कळत होतं. आमच्या गल्लीतल्या एका शिक्षकांना 'मिसा'खाली, म्हणजे खटल्याशिवाय तुरुंगात डांबता येणाऱ्या कायद्याखाली, उचलून नेलं होतं. त्यांच्या घरी आई काही द्यायला जायची ती दिवेलागण झाल्यावर, पदराखाली डबा झाकून. वर्तमानपत्रं सेन्सॉर होऊन यायची, त्यामुळे दादा ती वाचायचे कमी आणि उलटीपालटी करायचे जास्त. इंदिरा गांधींच्या सरकारविरुद्ध आंदोलन उभारणारे जयप्रकाश नारायण, हे नाव दादांच्या तोंडून निघालं की आई आधी उठून खिडकी लावून घ्यायची. जयप्रकाशांना मुंबईत जसलोक रुग्णालयात ठेवलंय, त्यांची मूत्रपिंडं निकामी झालीत, हे मी त्या बंद खिडकीच्या आतच ऐकलं होतं.

अशात गावात संमेलन आलं. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, म्हणजे कऱ्हाडचेच, आणि त्या वेळी इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री. गावाला त्यांचा केवढा अभिमान! आमच्या घरालाही होता. हे ध्यानात घेतलं नाही तर पुढचं नीट समजणार नाही. ज्या मंडपात दुर्गाबाई बोलायला उभ्या राहिल्या, तो यशवंतरावांच्या गावातला, त्यांच्या यजमानपदाखालचा मंडप होता.

हातवारे, शेरोशायरी, टाळ्यांसाठी पेरलेली वाक्यं असलं काही मला आठवत नाही. लेखकाचं विचारस्वातंत्र्य, आणीबाणी यांवर त्या बोलल्या. अर्ध्याहून अधिक माझ्या डोक्यावरून गेलं, ते मी पुढे वाचून समजून घेतलं. पण जयप्रकाशांचं नाव आलं तेव्हा मी ताठ झाले. आमच्या घरात जे नाव खिडकी लावून घेतलं जायचं, ते कर्ण्यातून मंडपाबाहेर रस्त्यावर जात होतं. त्यांच्या प्रकृतीला आराम पडावा म्हणून सगळ्यांनी उभं राहून प्रार्थना करावी, असं दुर्गाबाईंनी सांगितलं.

दादा माझ्या शेजारी होते. त्यांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. मग गुडघ्यांवर हात टेकून उठले. पुढेमागे खुर्च्या सरकल्या, सतरंज्यांवरची माणसं धोतरं-लुगडी सावरत उठली, आणि मंडप उभा राहिला. सगळे गप्प होते. पण गेले सहा महिने मोठ्यांचं जे गप्प बसणं मी पाहत होते, त्याच्यापेक्षा हे फार निराळं होतं. त्या वयातही मला ते जाणवलं.

मुलांना मी हेच सांगते की आवाज, पाठांतर, अवतरणं यांना मी गुण देते, द्यायलाच हवेत, पण भाषणाचं वजन ते कुठे, कुणासमोर आणि कधी केलं यावर ठरतं. तेच शब्द दोन वर्षांनी, जनता सरकार आल्यावर, कुणालाही बोलता आले असते. पुष्कळजण बोललेही. दुर्गाबाई बोलल्या ते आणीबाणीच्या ऐन भरात, केंद्रीय मंत्री यजमान असताना, संमेलनाच्या अध्यक्षपदावरून. आणि एक गोष्ट यशवंतरावांच्या बाजूनेही सांगायला हवी. माईक बंद पडला नाही, सभा उधळली गेली नाही. त्या दिवसांत ही लहान गोष्ट नव्हती.

मागे एका स्पर्धेनंतर नववीतल्या एका मुलीने विचारलं, "मग त्यांना काहीच झालं नाही का?" झालं तर. १९७६ मध्ये त्यांना अटक झाली, तीही मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातून, जिथे त्यांचं आयुष्य वाचण्या-लिहिण्यात चाललं होतं. वय तेव्हा साठीच्या पुढे. तुरुंग भोगून बाहेर आल्या आणि १९७७ च्या निवडणुकीत जाहीर सभांमधून आणीबाणीविरुद्ध पुन्हा बोलू लागल्या.